परदेशी राहायला जाताना आपला फोन तिथल्या कस्टम्सकडे नोंदवायचा म्हणजे नेमकं काय? (इंडोनेशिया आणि इतर देश)

निशिगंध | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नवऱ्याची जकार्ताला बदली झाली आहे, किमान दोन वर्षांसाठी. तो पुढे गेला. मी आणि तेरा वर्षांची लेक या महिन्याच्या शेवटी निघतोय. सामान, शाळा, व्हिसा सगळं मार्गी लागलं, पण काल त्याने फोनवर सांगितलं की इथे बाहेरून आणलेला फोन कस्टम्सकडे नोंदवला नाही तर इथलं सिम त्यात चालत नाही. तो स्वतः ऑफिसने दिलेला फोन वापरतो, त्यामुळे त्याला अनुभव नाही.

माझ्याकडे भारतात घेतलेला तीन वर्षं वापरलेला फोन आहे. लेकीकडे टॅबलेट आहे. शिवाय नवऱ्यासाठी इथूनच एक नवा महागडा फोन घेऊन जावा असं ठरत होतं, पण आता धीर होत नाही. जुन्या फोनवरही कर भरावा लागतो का? नोंदणी कुठे करायची, आधी की उतरल्यावर? नेटवर शोधलं तर प्रत्येक ठिकाणी वेगळं वाचायला मिळतंय. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

---

अरुणोदय | ३ नोव्हेंबर, रात्री ११:२५

निशिगंध, मी आठ वर्षं सुराबायात आहे, त्यामुळे हा नियम आला तेव्हापासून पाहतोय. सगळ्यात आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा, म्हणजे निम्मा गोंधळ जाईल: नोंदणी लागते ती फोन देशात आणला म्हणून नाही, त्यात इंडोनेशियातलं सिम चालवायचं म्हणून. तुमचं भारतातलं सिम रोमिंगवर त्या फोनमध्ये कितीही दिवस चालेल. वायफायला तर काहीच अडत नाही. प्रश्न स्थानिक सिम घातल्यावर सुरू होतो.

१५ सप्टेंबर २०२० पासून इथे नोंद नसलेल्या फोनना नेटवर्क बंद करायला सुरुवात झाली. प्रत्येक फोनचा आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या एका फोनची स्वतःची ओळख, एका राष्ट्रीय यादीत असावा लागतो. इथल्या दुकानात घेतलेल्या फोनचा क्रमांक कंपनी किंवा आयातदाराने आधीच त्या यादीत घातलेला असतो. प्रवाशाने बाहेरून आणलेला असेल तर तो घालण्याचं काम कस्टम्सचं. इथे त्यांना 'बेआ चुकाई' म्हणतात, विमानतळावर हाच शब्द पाट्यांवर दिसेल.

आता तुमच्या प्रश्नांकडे. एका प्रवाशाला एका वेळी दोनच उपकरणं नोंदवता येतात. सामानाच्या किमतीत दरडोई ५०० अमेरिकन डॉलरपर्यंत सूट आहे. ही सूट प्रत्येक फोनला नाही, माणसाला आहे. तुमच्या जुन्या फोनची आजची किंमत आणि नवऱ्यासाठी नेत असलेल्या नव्या फोनची किंमत एकत्र धरली जाईल. जुना एकटा नेलात तर बहुधा काहीच भरावं लागणार नाही. नव्यासकट गेलात तर ५०० च्या वरच्या रकमेवर भरावं लागेल.

टॅबलेटमध्ये सिम घालता येतं का ते आधी बघा.

---

निशिगंध | ३ नोव्हेंबर, रात्री ११:३८

खूप खूप आभार दादा! टॅबलेट फक्त वायफायचा आहे. म्हणजे त्याला नोंदणी नको, बरोबर?

---

अरुणोदय | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४१

बरोबर. सिम नाही तर आयएमईआय नाही, आणि आयएमईआय नाही तर नोंदवायला काही नाही. 🙂

---

तंत्रवेडा | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

दादांनी मुख्य मुद्दा सांगितलाच आहे. हा क्रमांक काय असतो ते थोडं लिहितो, कारण पुढच्या बऱ्याच चुका तो नीट न कळल्याने होतात.

आयएमईआय १५ अंकी असतो. पहिले आठ अंक फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या एका नगाचा अनुक्रमांक, आणि शेवटचा एक अंक आधीचे चौदा बरोबर लिहिले आहेत का हे ताडून बघण्यासाठी. फोनवर \*#०६# डायल केलं की स्क्रीनवर येतो. फोन नेटवर्कला जोडला जातो तेव्हा टॉवर सिमच्या ओळखीबरोबर हा क्रमांकही विचारू शकतो. कंपनी तो राष्ट्रीय यादीशी ताडते. यादीत नसेल तर सेवा नाकारते.

आता महत्त्वाचं. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. ई-सिम असेल तर त्याच्यासाठीही स्वतःचा क्रमांक असतो. अर्जात दोन्ही रकाने भरा. पुष्कळ लोक खोक्यावरचा पहिलाच क्रमांक लिहितात, मग भारतातलं सिम एका जागी ठेवून स्थानिक ई-सिम दुसऱ्या क्रमांकावर टाकतात आणि ते बंद पडलं की फोन बिघडला म्हणून दुकानात नेतात. फोन बिघडलेला नसतो, त्याचा दुसरा क्रमांक यादीत गेलेला नसतो.

खोक्यावरून लिहू नका असंही सांगेन. \*#०६# वर जे दिसतं त्याचा स्क्रीनशॉट काढा आणि त्यावरून भरा. सेकंडहँड फोनसोबत दुसऱ्याच नगाचं खोकं आलेलं मी दोनदा पाहिलं आहे.

---

भटकी_पावलं | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:०२

आम्ही बालीला दहा दिवस गेलो होतो, विमानतळावर सिम घेतलं, कुणी कस्टम्स वगैरे काही विचारलं नाही. उगाच घाबरवताय असं वाटतं. पर्यटकांना हे लागत नसावं.

---

अरुणोदय | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:५०

भटकी_पावलं, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो वेगळ्या वाटेचा आहे. परदेशी पर्यटकाला ९० दिवसांची तात्पुरती नोंद मिळते आणि ती कस्टम्स नाही, सिमकंपनी करते. विमानतळावरच्या काउंटरवर तुम्ही पासपोर्ट दिला असेल, फोन त्यांच्या हातात दिला असेल, त्यांनी तिथेच क्रमांक घातला. तुम्हाला ती सिम चालू करण्याचीच एक पायरी वाटली असणार.

ट्रॅव्हल ई-सिम आधीच घरून घेऊन आलात तर तेही लागत नाही, कारण ते बहुतेक वेळा दुसऱ्या देशातल्या कंपनीचं असतं. इथल्या नेटवर्कच्या दृष्टीने तुम्ही रोमिंगवर आलेले पाहुणे. दहा-पंधरा दिवसांच्या सहलीला मी स्वतः हेच सुचवतो.

पण निशिगंध दोन वर्षं राहणार आहेत. त्यांनी पर्यटकाची वाट धरली तर ९० दिवसांनी काय होतं ते सांगायला कुणीतरी भुक्तभोगी इथे नक्की असेल.

---

शेवंती | ४ नोव्हेंबर, दुपारी २:१५

मी आहे. सविस्तर लिहिते, कारण मला त्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं.

२०२२ च्या जूनमध्ये आम्ही आलो. धाकटा दीड वर्षाचा, सहा तास रडून नुकताच खांद्यावर झोपला होता. बाहेर गाडी उभी होती. कस्टम्सच्या हॉलमध्ये आयएमईआय नोंदणीची पाटी दिसली, बऱ्यापैकी रांग होती. मनात म्हटलं, नंतर करू, ऑफिसची माणसं आहेतच मदतीला. सरळ बाहेर पडले. फार मोठी चूक होती ती.

चार दिवसांनी सिमकंपनीच्या दुकानात गेले. त्यांनी पासपोर्ट पाहिला, फोन घेतला, पाच मिनिटांत सिम सुरू. मला वाटलं झालं काम. ती ९० दिवसांची पर्यटक नोंद होती. त्यांनी सांगितलं असेलही, पण मला तेव्हा भाषा अजिबात येत नव्हती.

९० दिवस संपले आणि एका सकाळी नेटवर्क गेलं. शाळेचा ग्रुप, बँकेचे ओटीपी, दवाखान्याची अपॉइंटमेंट, टॅक्सीचं ॲप, सगळं त्या नंबरवर. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की चालायचं, माझ्या फोनमध्ये नाही. कस्टम्सच्या ऑफिसात गेले तेव्हा कळलं की बाहेर पडल्यावरही नोंदणी करता येते, पण त्या वेळच्या नियमाप्रमाणे आल्यापासून ६० दिवसांच्या आत, आणि बाहेर पडलेल्याला ५०० डॉलरची सूट मिळत नाही, पूर्ण किमतीवर भरावं लागतं. माझे तर ६० दिवसही उलटून गेले होते. समोरचे अधिकारी सौजन्याने बोलले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं.

पुढचे पाच महिने मी एक साधा स्थानिक फोन घेऊन त्यात सिम ठेवलं आणि त्याच्या हॉटस्पॉटवर माझा फोन चालवला. दोन फोन, दोन चार्जर, कडेवर मूल. भारतात सुट्टीला जाऊन परत आले तेव्हा मात्र विमानातच अर्ज भरून ठेवला, उतरल्याबरोबर टेबलाशी गेले, आणि त्याच फोनची नोंद दहा मिनिटांत झाली. वापरलेला जुना फोन म्हणून किंमत ५०० च्या आत धरली, एक पैसा लागला नाही. ते पाच महिने मला दहा मिनिटांपायी काढावे लागले.

निशिगंध, लेक मोठी आहे तुमची, तिला सामानाजवळ उभी करा आणि ते टेबल सोडून बाहेर जाऊ नका. कितीही थकलेल्या असलात तरी.

---

निशिगंध | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:००

शेवंतीताई, वाचून पोटात गोळा आला. लहान बाळ घेऊन हे सगळं... इतकं मनापासून लिहिलंत, खरंच ऋणी आहे. मीसुद्धा "नंतर करू" म्हणणाऱ्यातलीच आहे.

अर्ज विमानात भरला म्हणालात, तो कागद असतो का?

---

शेवंती | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:२०

माझ्या वेळी वेबसाइटवरचा कस्टम्स डिक्लरेशन फॉर्म होता, त्याचं पान आधीच उघडून ठेवलं होतं. आता बदललंय असं ऐकते. अरुणोदय सांगतील.

---

अरुणोदय | ४ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

हो, याच वर्षी बदललं. सप्टेंबर २०२५ मध्ये जकार्ता, बाली आणि सुराबायाच्या विमानतळांपासून सुरुवात झाली आणि ऑक्टोबरपासून सगळीकडे 'ऑल इंडोनेशिया' नावाचा एकच अर्ज आहे. ॲप आहे, वेबसाइटही आहे. इमिग्रेशन, कस्टम्स, आरोग्य, क्वारंटाइन चारही गोष्टी त्यात एकत्र. उतरण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो, फुकट आहे. कुणी पैसे मागणारी साइट दिसली तर ती बंद करा.

त्यात पुढे फोन/टॅबलेट नोंदवायचा आहे का असा प्रश्न येतो. 'हो' करा. ब्रँड, मॉडेल, दोन्ही आयएमईआय, किंमत भरा. शेवटी क्यूआर कोड येतो, तो फोनच्या गॅलरीत जतन करा, कारण उतरल्यावर नेट लगेच मिळेलच असं नाही.

क्रम असा: इमिग्रेशन, मग सामानाचा पट्टा, मग कस्टम्स. बाहेर जाण्याच्या दाराआधी आयएमईआयचं टेबल असतं. तिथे पासपोर्ट, बोर्डिंग पास, क्यूआर कोड आणि प्रत्यक्ष फोन दाखवायचा. फोन चेक-इन बॅगेत ठेवू नका. बोर्डिंग पासचा तुकडा फेकू नका. मोबाइलमध्ये असेल तर स्क्रीनशॉट ठेवा. खरेदीची पावती असेल तर आणा, जुनी असली तरी. किमतीबाबत अधिकाऱ्यांकडे स्वतःचा संदर्भ असतो, पण पावतीवरची तारीख पाहिली की फोन किती जुना ते बोलून सिद्ध करावं लागत नाही.

नोंद झाली की यादीत क्रमांक चढायला एखाद-दोन दिवस लागू शकतात. लगेच सिम चाललं नाही म्हणून घाबरू नका. इथल्या उद्योग मंत्रालयाच्या आणि कस्टम्सच्या साइटवर आयएमईआय टाकून स्थिती पाहता येते.

---

चौकस | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

मला यातलं तत्त्व पटत नाही. माझा स्वतःचा, कर भरून घेतलेला, वापरलेला फोन. तो मी दुसऱ्या देशात वापरायला नेला तर त्यांनी त्यावर पुन्हा आयात शुल्क का घ्यावं? लॅपटॉप नेला तर कुणी विचारत नाही.

---

तंत्रवेडा | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

चौकस, प्रश्न रास्त आहे. मलाही जुन्या फोनवर कर ही गोष्ट खटकतेच. पण नियम का आला ते पाहिलं तर त्याची दुसरी बाजू दिसते.

हा नियम तुमच्या-माझ्यासाठी आलेला नाही. शेजारच्या देशांत स्वस्त मिळणारे फोन बॅगा भरभरून आणून कर न भरता विकणं हा मोठा धंदा होता. दारावर प्रत्येक बॅग उघडून तो थांबत नाही, पण कर न भरलेला फोन नेटवर्कवर चालूच द्यायचा नाही असं केलं तर विकणाऱ्याचा माल कवडीमोल होतो. लॅपटॉपला असं करता येत नाही कारण त्याला नेटवर्कच्या दारात ओळख द्यावी लागत नाही. म्हणून फोनवरच हे शक्य झालं.

५०० डॉलरची सूट पाहिली तर बहुसंख्य जुने फोन त्यातच बसतात. २०१८ च्या आधी ती माणशी २५० होती, ती दुप्पट केली. त्याच वेळी कुटुंबाला मिळून असलेली १००० ची वेगळी मर्यादा काढून टाकली. माझा आक्षेप आहे तो इतकाच की येणाऱ्या प्रवाशाला हे विमानात ठळकपणे सांगितलं गेलं पाहिजे. शेवंतीताईंसारख्या माणसाने दारातून बाहेर पडल्यावर कळून काय उपयोग?

---

चौकस | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

कारण पटलं. सांगण्याच्या मुद्द्यावर तर शंभर टक्के सहमत. विमानातल्या घोषणेत एक वाक्य पुरे.

---

मुसाफिर_७ | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

प्रत्यक्ष किती भरावं लागतं याचा हिशेब कुणी दिला नाही, म्हणून माझा देतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये मी नवा फोन आणला होता, किंमत १००० डॉलर धरली गेली.

१००० मधून ५०० वजा, उरले ५००. त्यावर १० टक्के आयात शुल्क म्हणजे ५०. बेरीज ५५०. या ५५० वर ११ टक्के मूल्यवर्धित कर, ६०.५०. आणि त्याच ५५० वर उत्पन्नकराची आगाऊ वसुली. तिथला करदाता क्रमांक असेल तर १० टक्के, नसेल तर २० टक्के. माझ्याकडे तेव्हा नव्हता, म्हणजे ११०. एकूण २२०.५० डॉलर, भरले ते तिथल्या चलनात, म्हणजे रुपियात. करदाता क्रमांक असता तर १६५.५० झाले असते. एका कोडवर पैसे भरायचे असतात, तिथेच कार्डने भरले, पावती घेतली.

हे २०२२ चे दर आहेत हे लक्षात ठेवा. प्रवाशांच्या सामानाचे नियम जून २०२५ मध्ये नव्याने मांडले गेले, ५०० ची सूट तशीच आहे, पण टक्केवारी निघण्याच्या आठवड्यात कस्टम्सच्या साइटवर बघूनच हिशेब करा.

निशिगंध, नवऱ्याचा नवा फोन तुमच्या पासपोर्टवर नेण्यात मला काही फायदा दिसत नाही. तुमची सूट तुमच्या जुन्या फोनला आणि सोबतच्या इतर नव्या वस्तूंना राहू द्या.

---

निशिगंध | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

हिशेब वाचून नवऱ्याला लगेच पाठवला. नवा फोन रद्द. तो तिथेच घेईल म्हणतोय. तिथे सगळी मॉडेल मिळतात ना?

---

मुसाफिर_७ | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

आता मिळतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयफोन १६ च्या विक्रीला तिथे मनाई होती, स्थानिक उत्पादनाच्या अटी ॲपलने पूर्ण केल्या नाहीत म्हणून. प्रवाशाने स्वतःसाठी आणलेला चालत होता, विकायला मनाई. तो वाद मिटून एप्रिल २०२५ मध्ये विक्री सुरू झाली. अधिकृत दुकानातून घ्या आणि पैसे देण्याआधी आयएमईआय यादीत आहे का ते तिथेच मोबाइलवर तपासा.

---

पाऊलवाट | ५ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

एक वेगळी गोष्ट जोडते. नोंदवलेल्या फोनची दुरुस्ती करताना सांभाळा. स्क्रीन, बॅटरी बदलली तर काही होत नाही. पण मदरबोर्ड बदलला तर आयएमईआय बदलतो. वॉरंटीत अख्खा फोन बदलून मिळाला तरी तेच. माझ्या भावाने सुट्टीत भारतात फोन दुरुस्तीला टाकला, कंपनीने नवा नग दिला, तो आनंदात परत आला आणि नोंदवलाच नाही, कारण त्याच्या मते फोन तोच होता. परत आल्यावर सिम बंद. दिसायला तोच फोन असला तरी यादीसाठी तो नवा. तेव्हा परतताना पुन्हा अर्जात लिहायचा.

---

नवखा_प्रवासी | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

मी याच कचाट्यात अडकलोय, मुदत संपली आहे. एका मॉलमधल्या दुकानात "आयएमईआय अनलॉक, कायमचं, गॅरंटी" अशी पाटी पाहिली. कस्टम्सच्या कराच्या चौथाईत करून देतो म्हणाला. कुणी केलंय का?

---

अरुणोदय | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

कृपया करू नका. हात जोडून सांगतो.

यात दोन प्रकार चालतात. एक, फोनचा आयएमईआय बदलून दुसऱ्या नोंदलेल्या फोनचा घालणं, जो गुन्हा आहे आणि त्यात तुमच्या फोनचं सॉफ्टवेअर अनोळखी माणसाच्या हातात जातं, बँकेच्या ॲपसकट. दुसरा, आतल्या कुणाकडून यादीत क्रमांक घुसवणं. याचं मोठं प्रकरण जुलै २०२३ मध्ये इथल्या पोलिसांनी उघड केलं. १ लाख ९१ हजारांहून अधिक क्रमांक बेकायदा यादीत घातलेले सापडले, त्यात बहुतांश आयफोन. सरकारी कर्मचाऱ्यांसह लोकांना अटक झाली आणि ते सगळे फोन बंद करण्याची चर्चा सुरू झाली. पैसे देऊन फोन घेतलेल्या साध्या माणसांची झोप उडाली होती.

तुम्ही परदेशी माणूस आहात, कामाच्या परवान्यावर आहात. एका फोनपायी तो धोक्यात घालू नका. शेवंतीताईंनी केलं तसं साधा स्थानिक फोन घ्या, हॉटस्पॉट करा, पुढच्या खेपेला देशात येताना रीतसर नोंदवा.

---

नवखा_प्रवासी | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५०

समजलं. नाही करत. डिसेंबरात घरी जातोय, येताना नोंदवीन. वेळेवर थांबवलंत, धन्यवाद दादा.

---

केशर | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

धाग्याच्या नावात "इतर देश" आहे म्हणून तुर्कस्तानबद्दल लिहिते. मी तिथे शिकायला होते. तिथे विमानतळावर काही करायचं नसतं, त्यामुळे लोक आणखी गाफील राहतात. बाहेरून आणलेला फोन तुर्की सिमवर १२० दिवस चालतो, मग बंद. त्याआधी शुल्क भरून सरकारी पोर्टलवर नोंदवायचा. सूट वगैरे नाही, फोन जुना असो की नवा, शुल्क एकच.

आणि ते शुल्क ऐका. २०२३ च्या उन्हाळ्यात २०,००० लिरा केलं, २०२४ ला ३१,६९२, २०२५ ला ४५,६१४. माझ्या फोनच्या किमतीपेक्षा नोंदणी महाग. शिवाय तीन कॅलेंडर वर्षांत एका पासपोर्टवर एकच फोन. वसतिगृहातल्या बहुतेक परदेशी मुली दोन फोन बाळगायच्या, एक तिथला साधा आणि एक घरचा वायफायवर. कुणी तिकडे शिकायला निघत असेल तर महागडा फोन भेट देऊन पाठवू नका. ते पैसे तिच्या हातात द्या.

---

तंत्रवेडा | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

केशर, उत्तम माहिती. पाकिस्तानातही २०१८ पासून अशीच व्यवस्था आहे, अझरबैजानमध्ये त्याच्याही आधीपासून. चिलीतही फोनची नोंद करावी लागते. प्रत्येक ठिकाणची मुदत, खिडकी आणि पैसे वेगळे, पण स्थानिक सिम घातल्यावरच सगळं सुरू होतं हे सगळीकडे सारखं. म्हणून नव्या देशात जाताना "फोन नेता येतो का" असं न शोधता "तिथलं सिम माझ्या फोनमध्ये किती दिवस चालेल" असं शोधा. लगेच नेमकं उत्तर मिळतं.

---

सायली_वाचते | ६ नोव्हेंबर, दुपारी १:४०

उलट बाजूचा प्रश्न. भारतातून निघताना आपल्या कस्टम्सकडे फोन दाखवायचा असतो का? वडील म्हणतात, परत येताना "हा नवा आणलात" म्हणून ड्यूटी लावतील.

---

मुसाफिर_७ | ६ नोव्हेंबर, दुपारी २:३०

त्यासाठी एक्सपोर्ट सर्टिफिकेट असतं. निघताना विमानतळावर कस्टम्सकडे महागडी वस्तू दाखवायची. ते वर्णन, अनुक्रमांक, किंमत लिहून प्रमाणपत्र देतात. परत येताना ते दाखवलं की ती वस्तू इथूनच गेली होती हे सिद्ध होतं. वस्तू प्रत्यक्ष दाखवावी लागते, त्यामुळे बॅग चेक-इनला देण्याच्या आधी करायचं.

हातातल्या एका वापरत्या फोनसाठी मी कधी घेतलेलं नाही. त्यात तुमचे फोटो, मेसेज सगळं असतं आणि भारतातली पावती मेलमध्ये असते. पण कॅमेरा, महागड्या लेन्सा, दागिने किंवा नुकताच घेतलेला दुसरा फोन असेल तर घेतलेलं बरं. वडिलांना सांगा, काळजी योग्य आहे. पावतीची पीडीएफ फोनमध्ये न ठेवता मेलवर ठेवा, फोन बंद पडला तरी दाखवता येते.

---

निशिगंध | २९ नोव्हेंबर, रात्री ९:१५

मंडळी, पोचलो! 🙏

विमान रात्री उतरलं. जकार्ताच्या सुकर्णो-हट्टा विमानतळावर इमिग्रेशनला पाऊण तास गेला, लेक पेंगत होती, आणि खरं सांगते, सामान हाती आल्यावर एक क्षण पाय दाराकडे वळलेच. शेवंतीताई, तुमचा मुलगा खांद्यावर झोपलेला डोळ्यासमोर आला आणि परत फिरले.

टेबलाशी माझ्यापुढे चार माणसं होती. अर्ज घरूनच भरला होता, दोन्ही क्रमांक स्क्रीनशॉटवरून. एका काकांनी खोक्यावरून लिहिले होते, त्यांचा एक अंक चुकला होता, त्यांना पुन्हा भरायला लावलं. तंत्रवेडा, त्यांना मी \*#०६# दाखवलं. माझा पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोन पाहिला, पावतीची तारीख पाहिली, शुल्क शून्य. एक छापील कागद दिला. एकूण वीस मिनिटं.

आज तिसऱ्या दिवशी टेल्कोमसेल या इथल्या कंपनीचं सिम घातलं, लगेच सुरू झालं. हा मजकूर त्यावरूनच लिहितेय. लेकीचा टॅबलेट माझ्या हॉटस्पॉटवर.

तो छापील कागद किती दिवस सांभाळायचा?

---

अरुणोदय | २९ नोव्हेंबर, रात्री ९:४०

फार आनंद झाला. कागद फोन असेपर्यंत सांभाळा. पण आजच त्याचा फोटो काढून मेलवर टाका. असले छापील कागद या दमट हवेत सहा महिन्यांत पुसट होतात. आणि नवऱ्याने इथे फोन घेतला की त्याचीही पावती त्याच्याच शेजारी ठेवा.